बुटीबोरीतल्या एका कारखान्याचा करपरतावा : एका माहिती अर्जाचं प्रकरण

हे प्रकरण नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या एका गावातलं आहे. गावातल्या आयटीआय झालेल्या काही मुलांना दोन गोष्टी जाणून घ्यायच्या होत्या. शेजारच्या कारखान्याला सरकार दरवर्षी कराचे किती पैसे परत देतं? आणि स्थानिक माणसं कामावर घेण्याची जी अट त्या पैशांसाठी कारखान्याने मान्य केली आहे, ती पाळली जाते का? अर्ज लिहिण्यापासून पहिल्या अपिलाच्या निकालापर्यंत मी त्यांच्यासोबत होतो. मी कर सल्लागार आहे, नागपुरात जीएसटीची विवरणपत्रं भरून देणं हा माझा व्यवसाय. परताव्याची कागदपत्रं माझ्या टेबलावरून नेहमीच जातात. गाव, कारखाना आणि कार्यालय यांची नावं इथे दिलेली नाहीत, ओळख पटेल असे तपशीलही गाळले आहेत.

माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडतो. उद्योगाला दिलेला करपरतावा हा सरकारी खर्च आहे. तो कोणाला दिला, किती दिला, कोणत्या अटीवर दिला आणि ती अट पाळली गेली का, हे कारखान्याच्या नावासकट जाहीर करणं आजच्या कायद्यानेच बंधनकारक आहे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

पैसा कसा फिरतो

उद्योग मुंबई-पुण्याबाहेर जावेत म्हणून महाराष्ट्राने १९६४ मध्ये सामूहिक प्रोत्साहन योजना आणली. त्यानंतर ती १९७९, १९८३, १९८८, १९९३, २००१, २००७, २०१३ आणि २०१९ मध्ये नव्या रूपात आली. तालुक्यांची अ, ब, क, ड, ड+ अशी प्रतवारी केलेली असते, विनाउद्योग जिल्हे आणि नक्षलग्रस्त भाग वेगळे धरतात. तालुका जितका मागास तितका लाभ मोठा. विदर्भाला यात झुकतं माप आहे आणि ते असायलाच हवं, या मताचा मी आहे. दांडेकर समितीने १९८४ मध्ये विदर्भाचा अनुशेष आकड्यांत मांडला, तेव्हापासून प्रत्येक हिवाळी अधिवेशनात तो विषय निघतो. त्यामुळे विदर्भाच्या नावाने दिलेल्या सवलतीचा हिशेब मागणं हे सवलतीला विरोध करणं आहे, असं कोणी म्हणू नये.

जुन्या योजनांत लाभ मिळायचा तो विक्रीकराच्या माफीतून, किंवा कर वर्षानुवर्षं पुढे ढकलण्याच्या मुभेतून. पैसा तिजोरीत येतच नव्हता. जे आलं नाही ते अर्थसंकल्पाच्या खर्चाच्या बाजूला दिसायचंही नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि चित्र पालटलं. आता कारखाना ग्राहकाकडून राज्याचा जीएसटी वसूल करतो आणि इतर कोणत्याही व्यापाऱ्यासारखा भरतो. मग पात्रता प्रमाणपत्राच्या आधारे, राज्यात झालेल्या विक्रीवरच्या कराइतका किंवा त्याच्या ठरावीक हिश्शाइतका दावा दाखल करतो. लहान आणि मध्यम घटकांची फाइल जिल्हा उद्योग केंद्रात चालते, मोठ्यांची मुंबईच्या उद्योग संचालनालयात. छाननी होते, मंजुरी आदेश निघतो आणि उद्योग विभागाला मिळालेल्या तरतुदीतून रक्कम कारखान्याच्या खात्यात जमा होते. कागदोपत्री नाव प्रोत्साहन अनुदान, उद्योजकांच्या तोंडी नुसतं आयपीएस, म्हणजे इंडस्ट्रियल प्रमोशन सबसिडी.

या प्रकरणाचा कणा इथेच आहे. कर भरला गेला तेव्हा तो करदात्याचा व्यवहार होता. परत दिला गेला तो मात्र विधिमंडळाने मंजूर केलेला खर्च. रक्कम तेवढीच असेल, पण दोन्ही व्यवहारांची कागदपत्रं वेगळी, खाती वेगळी आणि त्यांना लागू होणारे कायदेही वेगळे.

अर्ज

मुलांपैकी जो पुढे अर्जदार झाला तो फिटर ट्रेडचा. त्याच गेटमधून ठेकेदाराकडे काही महिने काम करून बाहेर पडलेला. त्याच्याजवळ शंभर पानी वही होती. तिच्यात त्याने रकाने आखले होते: नाव, ट्रेड, कोणत्या ठेकेदाराकडे, कधी लागला, कधी काढला. आसपासच्या गावांतल्या ओळखीच्या पोरांची नावं त्यात लिहिलेली. जवळजवळ प्रत्येक ओळीत ठेकेदाराचा रकाना भरलेला होता. कंपनीच्या थेट पगारपत्रकावर असलेली नावं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी कमी.

मुलांनी लिहून आणलेल्या मसुद्यात कारखान्याच्या सर्व जीएसटी विवरणपत्रांच्या प्रती आणि सर्व कामगारांची नावं-पत्ते मागितले होते. दोन्ही काढायला सांगितलं. विवरणपत्र मागितलं की कार्यालयाला गोपनीयतेच्या कलमाचा आधार आयता मिळतो. नावं-पत्ते मागितले की माहिती अधिकार कायद्यातलं वैयक्तिक माहितीचं कलम ८(१)(ञ) पुढे येतं, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने तर त्या कलमातली, त्याच्या आतच असलेली व्यापक जनहिताची कसोटी काढून टाकायची तरतूद केली. कलम ८(२) मधली जनहिताची वाट शिल्लक आहे, पण तिथपर्यंत जायची वेळच का आणावी? आम्हाला नावं नको होती, संख्या हवी होती.

अर्जदाराला हे पटायला वेळ लागला. तो म्हणाला, "काका, तुम्ही कायद्याचं सारं लिहा, पण आमच्या गावातले पोट्टे किती लागले ते त्यात आलं पाहिजे ना जी." त्याचं म्हणणं रास्त होतं, पण योजनेची अट गावापुरती नाही. महाराष्ट्रात किमान १५ वर्षं राहिलेला माणूस या अटीपुरता स्थानिक धरतात. कोल्हापूरचा मुलगा बुटीबोरीत लागला तरी तो मोजला जातो. अट अशी आहे की पर्यवेक्षकीय जागांवर किमान ५० टक्के आणि एकूण जागांवर किमान ८० टक्के स्थानिक माणसं हवीत. गावाचा आकडा या अटीतून निघणार नव्हता, पण अट पाळली गेली का हे तरी निघणार होतं.

महाराष्ट्राच्या माहिती अधिकार नियमांत अर्जाला दीडशे शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा आहे. त्यामुळे मागणी अशी बांधली: सदर घटकाच्या पात्रता प्रमाणपत्राची अटींसह प्रत, आजवर मंजूर आणि अदा केलेल्या अनुदानाची वर्षनिहाय रक्कम, रोजगाराच्या अटीबाबत घटकाने सादर केलेली विवरणं, आणि त्या विवरणांची कार्यालयाने पडताळणी केल्याचे अहवाल. जोडपत्र 'अ', वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. शेवटी एक वाक्य जोडलं की कलम ४(१)(ख) च्या बाराव्या बाबीनुसार ही माहिती कार्यालयाने आपणहून प्रसिद्ध करायची आहे, ती कुठे प्रसिद्ध केली आहे ते कळवावं.

त्या बाराव्या बाबीबद्दल दोन शब्द. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने जाहीर करायच्या सतरा बाबी आहेत. सरकारी कार्यालयांच्या भिंतीवर आणि संकेतस्थळावर अधिकाऱ्यांची नावं, कामाचे तास, पगाराचे टप्पे सापडतात. बारावी बाब म्हणजे अनुदान कार्यक्रमाची अंमलबजावणी कशी होते, त्याला किती रक्कम दिली आणि लाभार्थी कोण, याचा तपशील. तेरावी बाब सवलती, परवाने घेणाऱ्यांची. यात कुठेही असं म्हटलेलं नाही की लाभार्थी म्हणजे फक्त शेतकरी किंवा निराधार. कारखाना अनुदान घेत असेल तर तोही लाभार्थीच.

नकार

तीस दिवसांच्या आत उत्तर आलं. एकच पान, तीन कारणं. त्रयस्थ पक्षाने हरकत घेतली आहे. माहिती वाणिज्यिक गोपनीयतेची असल्याने कलम ८(१)(घ) लागू होतं. आणि जीएसटी कायद्याच्या कलम १५८ नुसार करदात्याची माहिती उघड करता येत नाही.

अशा नकारपत्रावर बहुतेक अर्ज संपतात. म्हणून तिन्ही कारणं नीट पाहणं गरजेचं आहे.

त्रयस्थ पक्षाची हरकत म्हणजे नकाराधिकार नव्हे. कलम ११ ची रचना अशी आहे की जन माहिती अधिकारी पाच दिवसांत त्या पक्षाला नोटीस देतो, तो दहा दिवसांत आपलं म्हणणं मांडतो आणि निर्णय अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो, कारणं लिहून. आमच्या पत्रात कंपनीने हरकत घेतली एवढंच होतं. हरकतीत काय म्हटलं आणि अधिकाऱ्याला ते का पटलं, याबद्दल एक ओळही नव्हती.

कलम १५८ चं कारण वरकरणी भक्कम वाटतं. त्या कलमाचा उद्देश चांगला आहे, आणि माझ्या अशिलांची विवरणपत्रं कोणालाही मिळू नयेत असं मलाही वाटतं. पण ते कलम विवरणपत्रं, हिशेब, जबाब अशा कर प्रशासनाकडे आलेल्या माहितीबद्दल आहे. उद्योग खात्याने काढलेला मंजुरी आदेश हे विवरणपत्र नाही. तो खर्चाचा आदेश आहे. त्यावर आधारित देयक कोषागारात जातं, महालेखाकारांचं पथक ते तपासतं. रक्कम ठरवताना कराचा आकडा वापरला म्हणून अख्खा आदेश करदात्याची खासगी बाब होत नाही. कलम २२ चा आधार घेऊन माहिती अधिकार कायदा इतर कायद्यांवर मात करतो असा युक्तिवाद करता आला असता. तो वाद कोर्टात वर्षानुवर्षं चालतो, आणि आमच्या मागणीला त्याची गरज नव्हती. अपिलात आम्ही एवढंच लिहिलं की आम्ही कर खात्याची एकही नोंद मागितलेली नाही.

खरं वजन होतं ते ८(१)(घ) ला, आणि ते मान्य केलं पाहिजे. समजा मालावर १८ टक्के जीएसटी आहे. त्यात राज्याचा वाटा ९ टक्के. परतावा पूर्ण असेल तर मिळालेल्या रकमेवरून कारखान्याची राज्यातली विक्री कोणीही काढू शकतो. महिन्यागणिक आकडे दिले तर स्पर्धकाला कोणत्या महिन्यात किती माल गेला ते कळेल. ही भीती खोटी नाही. पण वर्षाच्या आकड्याबाबत ती टिकत नाही. हा कारखाना कंपनीच्या नावावर आहे. कंपनीचा ताळेबंद निबंधकाकडे दाखल होतो आणि १०० रुपये शुल्क भरून कोणीही तो पाहू शकतो. त्यात वर्षाची उलाढाल असते. इतकंच काय, लेखा मानकांप्रमाणे कंपनीला मिळालेली सरकारी अनुदानं हिशेबात दाखवावीच लागतात, मानक १२ असो की मोठ्या कंपन्यांना लागू असलेलं इंड-एएस २० असो. भागधारकाला आणि बँकेला जे सांगायचंच आहे ते पैसे देणाऱ्या जनतेपासून लपवण्यात कोणती स्पर्धा वाचते? सर्वोच्च न्यायालयाने १६ डिसेंबर २०१५ च्या रिझर्व्ह बँकेच्या प्रकरणात बँकांच्या तपासणी अहवालांबाबत असाच गोपनीयतेचा बचाव फेटाळला होता. तो निकाल आम्ही अपिलाला जोडला.

मालकी हक्काच्या किंवा भागीदारीतल्या लहान घटकांचं मात्र वेगळं आहे. त्यांचा ताळेबंद कुठे जाहीर नसतो. त्यांच्याबाबत वर्ष संपल्यावर काही महिन्यांनी वर्षाची एकच रक्कम जाहीर करावी, असं माझं मत आहे. नाव मात्र गाळू नये.

अपील आणि नस्ती

जोडपत्र 'ब', २० रुपयांचा स्टॅम्प. सुनावणीला कंपनीचा प्रतिनिधी आला होता, शांत आणि तयारीने आलेला माणूस. मंजुरीच्या रकमेतून विक्री कळते हाच त्याचा मुद्दा होता. अपिलीय अधिकाऱ्यांनी त्याला विचारलं की तुमची वार्षिक उलाढाल ताळेबंदात आहे की नाही. आहे, म्हणाला. तिथे वादाचं टोक बोथट झालं. नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १९(५) नुसार कार्यालयावर असते, आणि नकारपत्रात त्याला पुरेसं काहीच लिहिलेलं नव्हतं.

आदेश अर्धा आमच्या बाजूने लागला. पात्रता प्रमाणपत्र, वर्षनिहाय मंजूर आणि अदा रकमा, रोजगाराची विवरणं द्यावीत, मूळ नस्ती म्हणजे कार्यालयातली फाइल पाहू द्यावी. बीजकं, यंत्रसामग्रीच्या किमतीची यादी आणि दाव्यासोबत जोडलेली कर कागदपत्रं कलम १० नुसार वेगळी काढून ठेवावीत. ही विभागणी मला योग्य वाटते. जाहीर काय व्हावं आणि झाकलेलं काय राहावं, याची रेघ तिथेच पडायला हवी.

मग नस्ती उघडली. रोजगाराचं विवरण म्हणजे कंपनीच्या लेटरहेडवर छापलेला एक छोटा तक्ता. दोन आडव्या ओळी, पर्यवेक्षकीय आणि इतर. उभे रकाने एकूण, स्थानिक, टक्केवारी. खाली संचालकाची सही आणि शिक्का. दोन्ही ओळींत टक्केवारी अटीच्या बरीच वर. पुढच्या वर्षी तोच तक्ता, आकडे थोडे वेगळे. टिपणी पानावर एक ओळ होती, रोजगाराची अट पूर्ण केल्याचे घटकाने कळविले आहे. पडताळणी अहवाल नस्तीत नव्हता. पत्रातही तसंच लिहून मिळालं, अभिलेखात उपलब्ध नाही.

अर्जदाराने तक्त्यातल्या एकूण या रकान्यावर बोट ठेवलं आणि आपली वही काढली. त्या गेटमधून रोज जेवढी माणसं आत जातात त्याच्या मानाने तो आकडा फारच लहान होता. कारण तक्त्यात फक्त कंपनीच्या पगारपत्रकावरची माणसं होती. ठेकेदारांचे कामगार, म्हणजे उत्पादनाच्या मजल्यावरचा मोठा भाग, त्यात धरलेलाच नव्हता. टक्केवारी कमी माणसांवर काढली होती, म्हणून ती सहज ८० च्या वर जात होती.

कंपनीने खोटं लिहिलं असं यावरून म्हणता येत नाही. नमुन्यात ठेकेदारी कामगारांचा वेगळा रकानाच नव्हता, विचारलं तेवढं त्यांनी भरून दिलं. दोष नमुन्याचा आहे, आणि तो नमुना कोणी बाहेरच्याने वर्षानुवर्षं पाहिला नाही म्हणून तसाच राहिला. माहिती मिळवणं अवघड नाही. मुख्य मालक या नात्याने ठेकेदाराच्या कामगारांची नोंद कारखान्याकडे असतेच, त्यांच्या भविष्य निर्वाह निधीची चलनंही असतात. ती चलनं दाव्यासोबत जोडायला सांगितली की एकूण माणसं किती ते कळेल. त्या वहीतल्या पोरांनी घाम गाळून जो माल तयार केला त्यावरच्या कराचा परतावा मिळाला, आणि त्याच परताव्याच्या अटीत ही पोरं कुठेच मोजली गेली नाहीत. या प्रकरणात मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट ही.

हिंगण्याच्या उद्योजिकेचा प्रश्न

नागपुरात हा विषय काढला की उद्योजक मंडळी सावध होतात. यादी जाहीर झाली की कोणीतरी पावती पुस्तक घेऊन दारात येईल, ही त्यांची भीती. ती अनाठायी आहे असं मी म्हणणार नाही. पण याच प्रकरणादरम्यान हिंगणा एमआयडीसीतल्या एका लहान फॅब्रिकेशन युनिटच्या मालकीणबाई भेटल्या आणि प्रश्नाची दुसरी बाजू पुढे आली.

त्यांचा दावा मंजूर झाला होता, आदेश हातात होता, पैसे मिळाले नव्हते. मंजुरी मिळणं आणि रक्कम जमा होणं यात तरतुदीची भिंत असते. मंजूर दाव्यांची बेरीज त्या वर्षाच्या तरतुदीपेक्षा जास्त झाली की उरलेले दावे थांबतात. इकडे बँकेच्या कॅश क्रेडिटवर व्याज चालू. "भाऊ, पैसे उशिरा द्या, पण माझा नंबर कितवा ते तर सांगा," त्या म्हणाल्या. "माझ्यानंतर आदेश निघालेल्यांना मिळाले का, हे मी कोणाला विचारू?"

हा प्रश्न गावातल्या मुलांच्या प्रश्नाचाच सख्खा भाऊ आहे. दावा दाखल झाल्याची तारीख, मंजुरीची तारीख, मंजूर रक्कम, अदा झाल्याची तारीख, इतकं घटकनिहाय जाहीर असेल तर रांग मोडून कोणी पुढे गेलं का ते दिसेल. ज्याची वरपर्यंत ओळख आहे त्याला यादीची गरज नसते. ओळख नसलेल्या लहान उद्योजकाला मात्र ती यादीच राखते. मालकीणबाईंनी आपलं नाव आणि रक्कम जाहीर करायला हरकत नसल्याचं लिहून दिलं.

इतर ठिकाणी काय चालतं

केंद्र सरकार २००६-०७ च्या अर्थसंकल्पापासून करसवलतींमुळे बुडणाऱ्या महसुलाचं विवरणपत्र मांडतं. आधी त्याला सोडून दिलेला महसूल म्हणत, २०१५-१६ पासून करप्रोत्साहनांचा महसुली परिणाम म्हणतात. ते उपयोगी आहे, पण क्षेत्रवार आणि कलमवार बेरजा देऊन थांबतं. राज्यात योजनेची तरतूद आणि खर्च अर्थसंकल्पाच्या कागदांत मिळतो, पण ती एक बेरीज. बुटीबोरीच्या माणसाला बेरजेतून आपला शेजारी दिसत नाही.

अमेरिकेत हाच वाद जास्त जुना आहे, कारण तिथली राज्यं उद्योग खेचण्यासाठी एकमेकांशी करसवलतींची चढाओढ करतात. मिनेसोटाने १९९५ मध्ये उद्योगांना दिलेल्या सवलतींचा अहवाल देणारा कायदा केला. इलिनॉयने २००३ मध्ये कंपन्यांना दरवर्षी प्रगती अहवाल देणं भाग पाडलं, किती नोकऱ्यांचं वचन दिलं आणि किती दिल्या, आणि ते अहवाल लोकांसाठी खुले केले. २०१५ मध्ये तिथल्या सरकारी लेखा मानक मंडळाने मानक ७७ काढलं. त्यानुसार राज्यांनी आणि शहरांनी करकपातीमुळे बुडालेला महसूल आपल्या वार्षिक हिशेबात दाखवायचा. पण त्या मानकातही कंपनीचं नाव देण्याची सक्ती नाही, आणि तिथल्या जाणकारांची मुख्य तक्रार तीच आहे. युरोपीय संघ याबाबत पुढे गेला. १ जुलै २०१६ पासून ५ लाख युरोंहून मोठी मदत घेणाऱ्याचं नाव आणि रक्कम जाहीर होऊ लागली, २०२३ मध्ये ती मर्यादा १ लाख युरोंवर आणली. करसवलतीत नेमका आकडा न देता रकमेचे टप्पे देण्याची मुभा तिथे आहे. विक्री उघड होईल या भीतीवर तो मला चांगला तोडगा वाटतो.

पण उदाहरणासाठी युरोपला जायचं कारण नाही. महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना डिसेंबर २०१९ मध्ये नागपूरच्याच अधिवेशनात जाहीर झाली, २ लाखांपर्यंतच्या थकबाकीसाठी. काही आठवड्यांत लाभार्थी शेतकऱ्यांच्या याद्या गावोगाव लागल्या. रोजगार हमीच्या मजुराचं नाव, त्याचे दिवस आणि मजुरी संगणकावर कोणीही पाहू शकतो, आणि ग्रामसभा त्याचं सामाजिक अंकेक्षण करते. कर्जात बुडालेल्या माणसाने गावापुढे आपलं नाव येणं सोसलं, कारण पैसा सार्वजनिक होता. त्याच तालुक्यातल्या कारखान्याला तेवढीच गोष्ट सांगताना वाणिज्यिक गोपनीयता आठवावी, हे मला पटत नाही.

आजची स्थिती

रकमा मिळाल्या, तक्ता मिळाला, त्या एका कारखान्यापुरता प्रश्न बराचसा सुटला. उरला तो सर्वांच्या यादीचा. बाराव्या बाबीनुसार सर्व लाभार्थी घटकांची यादी प्रसिद्ध करण्याबाबत आदेश देणं आपल्या अधिकारात येत नाही, असं अपिलीय अधिकाऱ्यांनी नोंदवलं. म्हणून तेवढ्या मुद्द्यावर राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे दुसरं अपील दाखल केलं आहे. विशिष्ट प्रकारची माहिती प्रसिद्ध करायला लावण्याचा अधिकार आयोगाला कलम १९(८)(क) ने दिलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑगस्ट २०२३ च्या किशन चंद जैन प्रकरणात कलम ४ च्या अंमलबजावणीवर आयोगांनी सतत लक्ष ठेवावं असं सांगितलं आहे, त्याचा आधार घेतला आहे.

अपिलात मागितलेली यादी दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत मागच्या आर्थिक वर्षाची लागावी, तालुकानिहाय. घटकाचं नाव आणि वसाहत, कोणत्या वर्षाची योजना, पात्रता कालावधी कधी संपतो, दावा, मंजुरी आणि अदायगी यांच्या तारखा, अदा झालेली वार्षिक रक्कम, आणि रोजगाराच्या अटीची पडताळणी कोणी, कधी केली. मालकी हक्काच्या लहान घटकांसाठी रकमेऐवजी टप्पा चालेल, असंही त्यात म्हटलं आहे. हिंगण्याच्या मालकीणबाईंचं संमतीपत्र सोबत जोडलं आहे.

ठेकेदारी कामगारांचा रकाना हा आयोगाचा विषय नाही, तो योजनेच्या नमुन्याचा आहे. त्यासाठी उद्योग विभागाला वेगळं निवेदन गेलं. भविष्य निर्वाह निधीच्या चलनांनुसार थेट आणि ठेकेदारी अशी दोन्ही माणसं मोजून ५० आणि ८० टक्क्यांची अट तपासावी, ही त्यातली एकमेव मागणी आहे. निवेदनाखाली गावातल्या मुलांच्या सह्या आहेत, आणि ग्रामसभेने केलेला ठराव सोबत आहे. त्या कारखान्याचा पात्रता कालावधी अजून संपलेला नाही. पुढच्या वर्षाचा दावा दाखल झाला की त्याच दीडशे शब्दांत नवा अर्ज जाईल. या वेळी मसुदा अर्जदारानेच लिहिला आहे, मी फक्त कलमांचे आकडे तपासून दिले.